घोडा खडकावरची पाचवी रेघ

गुरुवार, ९ ऑक्टोबर. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. ठिकाण, एका बेटावरच्या ग्लुहा गावाची खाडी. वारा नाही, समुद्र सपाट, पाणी माझ्या छातीपर्यंत. चर्चची सातची घंटा होऊन गेली होती. त्या वेळी डोंगरावरच्या रस्त्यानं एक ट्रक उलटा उलटा खाली आला, काठाशी थांबला आणि मागचा हौदा उचलून त्यानं दगडमातीचा पहिला ढीग समुद्रात ओतला.

तो ढीग माझ्या अंगावर पडला. म्हणून हे मी सांगतो.

मी खडक बोलतोय. गावात मला घोडा म्हणतात. माझी पाठ मधोमध खोलगट आहे, खोगीर घातल्यासारखी, आणि मानेला एक आरपार भोक आहे. ते भोक नांगरायच्या दोरासाठी पाडलेलं. पाडणारा गेला, त्याचा दोर गेला, होडीही गेली, भोक आहे. मी फार जुना आहे, पण भ्रमिष्ट झालेलो नाही. काय पाहिलं ते वेळेसकट सांगेन, आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणार नाही. एवढं पथ्य माणसांनी पाळलं असतं तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

आधी माझी ओळख. तुमच्याकडचे काळे कातळ आगीतून आले. मी पाण्यातून आलो. कोमट, उथळ समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा साठत गेला, थरावर थर बसले, दाबले गेले, त्याचा मी झालो. पांढरा चुनखडक. माझ्या कुशीत निरखून पाहिलंत तर अजून शिंपल्याची एखादी कड दिसेल. पुढे जमिनीनं आम्हाला खालून रेटलं, चुणीसारखं दुमडलं आणि पाण्याबाहेर काढलं. मी एका डोंगराच्या उतारावर आलो.

हो, डोंगराच्या. आज जिथे खाडी आहे, तिथे तेव्हा दरी होती. जगातलं बरंचसं पाणी बर्फ होऊन उत्तरेला बसलं होतं आणि समुद्र इथून दिसतही नव्हता. समोर गवताचं मैदान, आणि त्यात घोडे चरायचे. खरे घोडे. मग बर्फ वितळलं. समुद्र मैदान गिळत आला, दऱ्यांत शिरला, आणि एक दिवस माझ्या पायांशी येऊन थांबला. उन्हाळ्यात बोटीतून पाहुणे येतात आणि म्हणतात, "अहाहा, किती बेटं!" बेटं कसली? बुडालेल्या डोंगरांची डोकी आहेत ती.

समुद्राशी माझं वैर नाही. तो रोज मला थोडं थोडं विरघळवतो, मी रोज थोडा त्याच्यात जातो. पाण्याच्या रेषेवर त्यानं माझी कंबर आत कोरली आहे. वरचं अंग दातेरी झालंय, अनवाणी चढलात तर रक्त काढेन. डावीकडचं टोक कठीण दगडाचं, ते लाटांचे तडाखे स्वतः खातं. त्याला वळसा घालून आत येईपर्यंत लाट दमलेली असते आणि हातातले गोटे खाली ठेवते. म्हणून टोक उघडंबोडकं आणि खाडीच्या पोटात गोट्यांचा छोटासा किनारा. कोणी बांधला नाही तो. हिवाळ्यात आग्नेयेचं वारं, ज्याला इथे युगो म्हणतात, त्यातले अर्धे गोटे ओढून नेतं. वसंतात लहान लाटा ते परत आणून ठेवतात. हे येणंजाणं एवढं नेमकं आहे, की गावातल्या बायका त्यावरून महिना सांगायच्या.

बायकांचं नाव निघालं, तर माझ्या आयुष्यातली सगळ्यात मानाची गोष्ट सांगतो.

या बेटावर माती थोडी, दगड फार. कापूस नाही, मेंढ्या चार. पण उतारावर पिवळ्या फुलांचं एक झुडूप माजतं, नुसत्या हिरव्या काटक्या. इथे त्याला झुका म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी त्या काटक्या कापायच्या, पेंढ्या बांधायच्या आणि समुद्रात दगडांखाली दाबून कुजत घालायच्या, तुमच्याकडे ताग-अंबाडी घालतात तशा. साल सुटली की बडवायचं, वाळवायचं, पिंजायचं आणि चातीवर सूत काढायचं. शिडं, पिशव्या, दोर, कोळ्यांचे सदरे, सगळं त्याचं. पेंढी कुजत असताना एकदा जरी उघडी पडून वाळली, तरी धागा कडकडीत होतो, तुटतो. म्हणून पेंढी ठेवायची ती पाणी कधीच सोडून जात नाही अशा जागी.

ही जागा कशी ओळखायची? इथे भरती-ओहोटी हातभराची. पण जानेवारीत आठ-दहा दिवस असे येतात, की आकाश काचेसारखं स्वच्छ, हवा थंड आणि जड, आणि समुद्र मुकाट्यानं खाली खाली जातो. माझे पाय तेवढेच दिवस ऊन बघतात. त्या ओहोटीला सेका म्हणतात. त्यापेक्षा खाली समुद्र जात नाही.

माझ्या पायाशी एक खोलगट हौद आहे. एका फटीतून ताजं पाणी आत येतं, दुसरीतून जातं, आणि टोकामुळे लाट आत धिंगाणा घालत नाही. कुजवायला अशी जागा अख्ख्या खाडीत दुसरी नाही. हा हौद एका घराचा. त्या घरात नवी सून आली, की पहिल्याच हिवाळ्यात सेकाच्या दिवशी तिनं छिन्नी-हातोडी घेऊन यायचं आणि पाणी जिथे थांबलंय तिथे माझ्या अंगावर आडवी रेघ खोदायची. पेंढ्या त्या रेघेच्या खाली. सासू काठावर उभी राहून नावं ठेवते, सून ठोकते. अशा चार सुनांच्या चार रेघा माझ्या अंगावर आहेत. चौथी विंकाची. आज ती बहात्तर वर्षांची आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा दोन-तीन बोटं वर आहे. एखादं साल कमीजास्त असतं, पण चार सुनांचा मिळून हिशेब एकाच बाजूला जातो. सगळ्यात जुनी रेघ तर सेकालाही आता पाण्याबाहेर येत नाही. समुद्र वर चढतोय. मोठमोठ्या सभांत यावर भांडणं होतात म्हणे. ग्लुहाच्या सुनांनी ते भांडण न करता लिहून ठेवलं होतं, आणि कागद मी होतो.

ट्रक आला त्याच वर्षीच्या जानेवारीत, बावीस तारखेला, राजधानीकडून तिहाना नावाची मोजणीवाली आली. सेका होती. माझे पाय कोरडे ठणठणीत, हौद घोट्याएवढा. तिच्याबरोबर गावाचा प्रमुख प्रोस्पेर होता. त्याला पाच पिढ्यांसकट ओळखतो. त्याची आई याच काठावर झुका बडवायची. तो मोजणीचा दांडा तिच्या हाती देऊन निघून गेला, घरी पाहुणे होते म्हणाला. तिनं दिवसभर दांडा रोवला, किनाऱ्याची रेषा काढली, मग माझ्या पाठीवर बसून पाव आणि चीज खाल्लं. फोनवर कोणाला तरी म्हणाली, "सगळं झालं, पण पाण्याच्या पातळीची चौकट कोरी ठेवलीय. समुद्रकाठचं मला फारसं कळत नाही गं. इथल्या कोणालातरी विचारून भरायची, नाहीतर उन्हाळ्यात परत येते."

हे मी माझ्या पाठीवर ऐकलं. ध्यानात ठेवा.

तिला कोणी परत बोलावलं नाही. ऑक्टोबरात ट्रक आला.

पहिला ढीग पडला तेव्हा हौदात विंकाच्या चौतीस पेंढ्या होत्या. गावात झुका काढणारी ती शेवटची. ती घरातून धावत आली, पायात घरातल्या सपाता, आणि तशीच पाण्यात उतरली.

"अरे मेल्या, थांब! खाली माझ्या पेंढ्या आहेत!"

ड्रायव्हर बाहेरगावचा. त्यानं खिडकीतून कागद हलवला. "मावशी, बाजूला व्हा. कागदावर इथे जमीन आहे. मी जमिनीवर माती टाकतोय."

"जमीन? मग मी कमरेएवढी कशात उभी आहे, तुझ्या सासरच्या रांजणात?"

तेवढ्यात कुझ्मा आला. विंकाचा शेजारी, पंचाहत्तरीचा कोळी, तोंड कोणाच्या बापाला न भिणारं. मागून प्रोस्पेरही आला, अर्धी दाढी केलेली.

"मावशी, ऐकून तरी घ्या," प्रोस्पेर म्हणाला. "नवीन काही नाही. जुना काठ ढासळला होता, तो नीट करतोय. वर बारीक खडी टाकू. पाहुण्यांना टॉवेल टाकायला जागा होईल. गावाचंच भलं."

"प्रोस्पेर, तू याच पाण्यात पोहायला शिकलास," कुझ्मा म्हणाला. "आता म्हणतोस ही जमीन होती. मग तेव्हा काय गवतात हातपाय मारत होतास?"

"काका, नकाशा मी काढलेला नाही."

"नाही ना? मग त्या नकाशाला सांग, जरा पुढे येऊन बुडून दाखव."

पावाच्या दुकानासमोरचे लोक हसले. हसले आणि बघत राहिले. माणसांची ही सवय मला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे: गंमत संपेपर्यंत थांबतात आणि काम सुरू झालं की घरी जातात. विंकानं बारा पेंढ्या ओढून काढल्या. बाकी बावीस गाडल्या गेल्या. तीन दिवसांत सेहेचाळीस ट्रक झाले, मी मोजले. शेवटचे काही आवाजावरून, कारण तोवर मी कानापर्यंत पुरला गेलो होतो. लाल माती, फुटक्या विटा, कोणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या फरशा. वर बारीक खडी पसरली. फार गोड दिसत होतं म्हणे.

पुरलं जाण्याचं मला दुःख नाही. मी समुद्राच्या तळाशी जन्मलोय, अंधार माझा जुना ओळखीचा. राग आला तो त्या फरशांचा. फटीतून येणारं पाणी बंद झालं. माझ्या कंबरेला चिकटलेले शिंपले मेले. हौदाचा श्वास कोंडला. विंका रोज यायची, खडीवर उभी राहायची आणि खाली मला ऐकू जाईल इतक्या जोरात बोलायची.

"घोड्या, आहेस ना रे?"

मी होतो.

कुझ्मा तिला म्हणायचा, "विंका, कशाला घसा कोरडा करतेस? नोव्हेंबर येऊ दे. समुद्राला प्रोस्पेरचा नकाशा वाचता येत नाही."

तेवीस नोव्हेंबर, दुपारी एकनंतर युगो सुटला. तो दोन दिवस वाहिला. मी पुष्कळ युगो पाहिलेत, पण आतून, गाडलेल्या अवस्थेत, हा पहिलाच. आधी लाटेनं माती नेली. सगळी खाडी टोमॅटोच्या रश्शासारखी लाल झाली. मग खडी. गोट्यांना हजारो वर्षांत कुठे बसायचं ते ठाऊक झालेलं असतं. या नव्यांना बूड नव्हतं, धार होती, उतार चुकीचा होता. लाट वर चढायची आणि परत जाताना काठाचा लचका घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मानेच्या भोकातून पाणी आरपार वाहिलं. काय सांगू! सहा आठवड्यांनी कोणी नाक मोकळं करावं तसं झालं.

आग्नेयेचं वारं सगळं वायव्येला ढकलतं, हे इथे शाळेत जाण्याआधी कळतं. वायव्येच्या कोपऱ्यात प्रोस्पेरची होडी पाण्यातून वर ओढायची उतरण आहे. विटा, दगड आणि निळ्या फरशा नेमक्या तिच्या तोंडाशी जाऊन बसल्या. होडी आत, समुद्र बाहेर.

"प्रोस्पेर!" कुझ्मा काठावरून ओरडला. "काठ नीट झाला रे तुझा! टॉवेल आणू का?"

प्रोस्पेरही हसला, थोडंसं. तो माणूस वाईट नाही. वाईट माणसं शोधायला मी बसलेलोच नाही; सही कोणाची, एवढंच विचारतो.

विंकानं हौदात हात घातला. बावीसपैकी सोळा पेंढ्या काळ्या होऊन सडल्या होत्या. सहा वाचल्या. तिनं त्या नाकाला लावून हुंगल्या. आंबूस पण जिवंत वास होता. तिनं त्या छातीशी धरल्या आणि शिव्या देत देत घरी नेल्या. पण काम संपलं नव्हतं. प्रोस्पेरकडचा कागद अजून खरा होता. त्या कागदावर इथे जमीन होती, आणि वसंतात ट्रक पुन्हा आले असते, या वेळी काँक्रीट घेऊन. काँक्रीट समुद्राला लवकर उचलवत नाही. हौद गेला, की बेटावर झुका काढणं संपलं.

विंकानं किनाऱ्याच्या सरकारी खात्याकडे तक्रार टाकली. चष्मा लावून, तीन पानं, स्वतःच्या हातानं. खात्यानं कळवलं, अधिकारी मे महिन्यात पाहणीला येईल.

"मे महिन्यात येऊन काय बघणार?" विंका म्हणाली. "मे महिन्यात सगळ्यांनाच समुद्र दिसतो. त्याला नकाशातली ती रेषा कुठली ते दाखवायचं असेल, तर सेकाला बोलवा."

ती फोन करून करून थकली नाही, खातं थकलं. जानेवारीच्या अठरा तारखेला अधिकारी आला. काचेसारखं आकाश. समुद्र मुकाट खाली गेलेला. तिहानाही आली, तिला विंकानंच शोधून काढलं होतं. आणि रिएका शहराहून विंकाचा मुलगा आला, बायकोला घेऊन. ही सून रूझित्सा, सपाट मैदानी मुलखातली. लग्नाला अकरा वर्षं झाली, दरवर्षी जुलैत यायची, पोहून जायची. हिवाळ्यात तिनं हे बेट पाहिलंच नव्हतं.

विंकानं तिच्या हातात छिन्नी दिली. "घे. अकरा वर्षं उशीर झालाय, पण दगडाला घाई नसते."

"आई, मला नाही येत हो. हातावर बसली म्हणजे?"

"माझ्या बसली होती. हा बघ अंगठा. ठोक."

कुझ्मा वरून म्हणाला, "जपून गं पोरी, घोडा लाथ मारतो!"

रूझित्सानं ठोकलं. पहिले चार घाव वाकडे. सासूनं रीतसर नावं ठेवली. मग तिचा हात बसला. मला दुखत नाही. माझ्या अंगावर कोणी एवढं मन लावून काही करावं, हे सुख फार थोड्या खडकांना मिळतं. पाण्याच्या कडेला पाचवी रेघ उमटली. विंकाच्या रेघेहून तीन बोटं वर.

अधिकाऱ्यानं नकाशा माझ्या पाठीवर पसरला. तिहानानं दांडा रोवला, मोजलं, पुन्हा मोजलं. नकाशातली किनाऱ्याची रेषा रूझित्साच्या रेघेवर येऊन बसली, बोटभर इकडे ना तिकडे.

"म्हणजे मी काढली ती रेषा सेकाची," तिहाना म्हणाली. "वर्षातले आठ-दहा दिवस खरी."

"आणि बाकीचे साडेतीनशे दिवस?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"बाकीचे साडेतीनशे दिवस," विंका म्हणाली, "तुम्ही आत्ता जिथे बूट घालून उभे आहात ना साहेब, तिथे मासे असतात."

साहेबानं बुटांकडे पाहिलं. मग कागदावर लिहिलं. काम कायमचं थांबवलं, परवाना रद्द, उरलेल्या विटा-फरशा गावानं उचलाव्यात. प्रोस्पेरनं पहिली फरशी स्वतः उचलली. होडी काढायची होती ना.

आता मे उजाडलाय. गोटे परत आलेत, नेहमीचे, गोल, ओळखीचे. फटीतून पाणी आत येतं आणि दुसरीतून जातं. कंबरेवर शिंपल्यांची नवी पिल्लं चिकटलीत, मोहरीएवढी. वाचलेल्या अठरा पेंढ्यांचं सूत विंकानं काढलं आणि त्यातला पहिला दोर माझ्या मानेच्या भोकात ओवून बांधला. त्याला होडी नाही. तिला विचारलं तर म्हणते, "असू दे, घोड्याला लगाम हवाच." रूझित्सा ऑगस्टात झुका कापायला येणार आहे. मी सुखात आहे. समुद्र मला विरघळवतोय आणि वर चढतोय. एक दिवस पाचवी रेघही सेकाला बाहेर यायची नाही. त्याबद्दल तक्रार नाही. समुद्राकडून झिजणं हे माझं आयुष्यच आहे. विनंती एवढीच, की किनारा बघायला याल तेव्हा वर्षातून एकदा नाही, दोनदा या. आणि दगडावर कोणी काही लिहून ठेवलं असेल तर कागदाआधी ते वाचा.

आणि एक राहिलं. त्या दिवशी अधिकाऱ्यानं नकाशाच्या खालची चौकट मोठ्यानं वाचली होती. पाण्याची पातळी: 'नेहमीची'. म्हणजे सेकाची रेषा रोजची ठरली, आणि समुद्र जमीन झाला. बाकी सगळा नकाशा काळ्या शाईत, हा एकच शब्द निळ्या. तिहाना म्हणाली, मी चौकट कोरी ठेवून कागद दिला. प्रोस्पेर म्हणाला, माझ्या हाती आला तेव्हा भरलेला होता. दोघांच्या मध्ये कागद ज्या टेबलावर नऊ दिवस पडून होता, त्या टेबलावरच्या कारकुनानं कळवलं, की आमच्या कचेरीत निळी शाई वापरत नाहीत. अधिकाऱ्यानं तिघांचं म्हणणं लिहून घेतलं, नकाशाची घडी घातली आणि तो संध्याकाळच्या बोटीनं गेला. तो शब्द कोणी लिहिला, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.